बॉयलर थंड करताना, अमोनिया उघडताना

कृष्णाकाठच्या ज्या दुग्धप्रकल्पात मी युटिलिटी विभागाचा पाळीप्रमुख आहे, तेथे संकलन केंद्रांवरून आलेले दूध पाश्चरायझरमध्ये ७२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून १५ सेकंद त्याच तापमानाला धरले जाते आणि लगेच ४ अंशांपर्यंत खाली आणले जाते. तापवण्याचे काम वाफेचे आणि थंड करण्याचे काम आइस बँकेतील, म्हणजे बर्फ साठवणाऱ्या टाकीतील पाण्याचे, म्हणजे पर्यायाने तो बर्फ गोठवणाऱ्या अमोनियाचे. पाश्चरायझरमधील प्लेटांच्या एकाच संचाला या दोन्ही यंत्रणा जोडलेल्या असल्या, तरी आमच्याकडे त्यांची माणसे वेगळी होती आणि बॉयलरवरच्या फायरमनने अमोनियाच्या खोलीत किंवा तिथल्या ऑपरेटरने बॉयलरकडे फारसे फिरकायचे नाही असा प्रघात पडला होता. पुढे व्यवस्थापनाने दोन्हींची जबाबदारी एकाच माणसाकडे द्यायचे ठरवले आणि ती माझ्याकडे आली. त्याच उन्हाळ्यात मुख्य बॉयलरची वार्षिक तपासणी आणि अमोनियाच्या एका कॉम्प्रेसरची मोठी दुरुस्ती, अशी दोन्ही कामे मला पहिल्यापासून शेवटपर्यंत पार पाडावी लागली. त्यांचा हा वृत्तांत आहे.

दूधधंद्यात बॉयलर उघडायला उन्हाळाच सोयीचा असतो. थंडीत दुधाची आवक भरपूर असते, पावडरचा विभाग अहोरात्र चालतो आणि वाफ एक तासही बंद ठेवता येत नाही. एप्रिल-मेमध्ये आवक घटते आणि लहान राखीव बॉयलरवर काम निभावते. अमोनियाचे गणित नेमके उलटे आहे. बाहेर ऊन तापले की कंडेन्सरचा, म्हणजे अमोनियाचा वायू निववून द्रव करणाऱ्या भागाचा, दाब वाढतो, दूध गरम येते आणि बर्फ साठवायला रात्र पुरत नाही, त्यामुळे कॉम्प्रेसरची कामे थंडीवर ढकलली जातात. आमच्या एका कॉम्प्रेसरची डिस्चार्ज (वायू बाहेर ढकलण्याच्या) बाजूची व्हॉल्व्ह प्लेट तुटल्याने मात्र आम्हाला तशी सवड मिळाली नाही.

मुख्य बॉयलर ताशी ५ टन वाफेचा, तीन पासचा (गरम वायू तीन फेऱ्यांत फिरवणारा), ब्रिकेटवर, म्हणजे दाबून केलेल्या भुशाच्या कांड्यांवर चालणारा आणि १०.५४ किलो प्रति चौरस सेंटीमीटर इतक्या दाबाला मंजूर झालेला आहे. त्याच्या अंगावर ‘एमआर’ या अक्षरांपुढे नोंदणी क्रमांक ठोकलेला आहे. हा क्रमांक आणि बाष्पके संचालनालयाचे चालू प्रमाणपत्र यांशिवाय बॉयलर पेटवणे हा गुन्हा आहे, आणि प्रमाणपत्राची मुदत सर्वसाधारणपणे बारा महिन्यांची असते. आमची तपासणी झाली तेव्हा १९२३ चाच अधिनियम लागू होता. त्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे. या देशात बॉयलरवर कायद्याचा अंकुश आला तोच मुळी १८६३ मध्ये कलकत्त्यात झालेल्या एका स्फोटामुळे, हे मला परीक्षेच्या अभ्यासात कळले होते. अर्ज, शुल्क आणि तारीख मिळणे यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. वेळेवर अर्ज केला की तारीख मिळते आणि त्या तारखेला बॉयलर थंड, रिकामा, स्वच्छ व उघडा असावा लागतो.

बॉयलर थंड करण्याला मी आधी नुसती वाट पाहणे समजत होतो. आमचे ज्येष्ठ फायरमन, ज्यांना सगळा प्रकल्प अण्णा म्हणतो, त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले की विस्तव विझला म्हणजे बॉयलर बंद झाला असे समजायचे नाही. भट्टीतील विटांमध्ये आणि राखेत उष्णता साठलेली असते, त्यामुळे ब्रिकेट थांबवल्यावरही कितीतरी वेळ वाफ होत राहते. या काळात पाण्याची पातळी राखावीच लागते. उत्पादन विभागाकडून घाई होत असते आणि अशा वेळी गरम बॉयलर रिकामा करून त्यात थंड पाणी सोडण्याचा मोह होतो. तसे केल्यास ट्यूब (गरम वायूच्या नळ्या) आणि ट्यूबप्लेट (त्यांची टोके बसवलेली जाड प्लेट) वेगवेगळ्या गतीने आकसतात आणि जिथे ट्यूब फुगवून बसवलेल्या असतात त्या जोडांतून गळती सुरू होते. आम्ही दाब आपोआप उतरू दिला आणि तो शून्याच्या जवळ येताच वरचा एअर व्हेंट उघडला. तो बंद राहिला, तर आतील वाफ निवल्यावर निर्वात तयार होतो. पाणी हाताला सोसेल इतके कोमट झाल्यावरच ते सोडून दिले.

दोन बॉयलर एकाच स्टीम हेडरला, म्हणजे वाफेच्या सामाईक वाहिनीला जोडलेले असले की खरी काळजी येथून पुढे सुरू होते. राखीव बॉयलर चालू होता, हेडरमध्ये वाफ होती आणि उघडलेल्या बॉयलरमध्ये माणूस उतरणार होता. या दोहोंमध्ये केवळ एक बंद व्हॉल्व्ह असणे पुरेसे नाही, कारण व्हॉल्व्ह गळू शकतो आणि कोणाच्या तरी हातून उघडलाही जाऊ शकतो. म्हणून आम्ही फ्लँज सोडवून मधे जाड पत्र्याची ब्लाइंड बसवली. ब्लोडाऊनची, म्हणजे तळाचे गाळाचे पाणी सोडण्याची वाहिनी दोन्ही बॉयलरना सामाईक होती, तिथेही तेच केले. एका बॉयलरचा ब्लोडाऊन दुसऱ्या, उघड्या बॉयलरमध्ये उलट शिरण्याचा धोका नवख्याच्या सहसा ध्यानात येत नाही. ब्रिकेटचा स्क्रू फीडर, दोन्ही पंखे आणि फीड पंप यांच्या स्विचना कुलपे घातली आणि किल्ल्या आत उतरणाऱ्या माणसाच्या खिशात दिल्या.

आत उतरण्याचे नियम मी तोंडपाठ केले होते. त्यांचा अर्थ मॅनहोलपाशी उभे राहिल्यावर उलगडला. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ अन्वये अशा बंदिस्त जागेत २४ व्होल्टपेक्षा अधिक दाबाचा हातदिवा नेता येत नसे. आतला माणूस घामाने भिजलेला असतो आणि चारी बाजूंनी लोखंडाला टेकलेला असतो, हे पाहिले की या आकड्यामागचे कारण विचारावे लागत नाही. आतील हवेत प्राणवायू किमान १९.५ टक्के असल्याचे मीटरवर पाहून, पंख्याने हवा खेळती ठेवून आणि तोंडाशी एक माणूस कायम उभा करूनच काम सुरू झाले. वायूच्या बाजूची, म्हणजे भट्टी आणि स्मोक बॉक्सची सफाई त्याहून फसवी निघाली, कारण वरून निवलेली दिसणारी राख आत कित्येक दिवस धगधगत राहते आणि तीत पाय रुतला तर बूटही वाचवत नाही.

पाण्याच्या बाजूला ट्यूबवर करड्या रंगाचा पातळ थर होता. फीडचे पाणी जिथून आत येते त्या भागात तो जाड होऊन त्याच्या खपल्या सुटत होत्या. हा थर उष्णतेला अडवतो आणि मग धातूची उष्णता पाण्याकडे न जाता धातूतच साठते. उन्हाळ्यात आमच्या कूपनलिकांचे पाणी अधिक जड होते, पाण्याचा जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरचे रिजनरेशन, म्हणजे त्याला पुन्हा ताजे करणे, मात्र वर्षभर ठरलेल्या वेळापत्रकानेच होत होते. ही गोष्ट नोंदवहीत महिनोन्‌महिने दिसत होती: फीड वॉटरची कठिणता ५ पीपीएमच्या (दहा लाखांत पाच भागांच्या) आत हवी असताना ती अधूनमधून वर जात होती आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात नेमाने सही होत होती. नोंद ठेवणे आणि नोंद वाचणे ही दोन कामे आहेत, आणि दुसरे काम नेमून दिलेले नसेल तर ते कोणीच करत नाही असे माझे मत तेव्हापासून पक्के झाले. आता रिजनरेशन तारखेवर नव्हे, तर चाचणीवर ठरते.

निरीक्षक साहेब आले ते सकाळीच. त्यांनी आधी कागद पाहिले, मग बॅटरी घेऊन भट्टीत शिरले आणि हातातील छोट्या हातोडीने स्टे (आधाराचे दांडे) आणि ट्यूबांचे जोड वाजवत गेले. घट्ट धातूचा नाद आणि तडकलेल्या किंवा झिजलेल्या धातूचा नाद यांतला फरक त्यांनी मला दोन ठिकाणी वाजवून ऐकवला. भट्टीच्या माथ्यावरचा फ्युजिबल प्लग त्यांनी काढायला लावला. या प्लगच्या गाभ्यात लवकर वितळणारा धातू असतो. पाणी त्याच्याखाली उतरले की तो वितळतो आणि वाफ भट्टीत शिरून विस्तव मंदावते. जुन्या प्लगवर पापुद्रा चढला होता, त्यामुळे नवा बसवूनच पुढे जाता आले.

त्यानंतर हायड्रो, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी. सेफ्टी व्हॉल्व्ह काढून त्यांच्या जागी डमी प्लेटा लावल्या, बॉयलर काठोकाठ भरला आणि व्हेंटमधून बुडबुडे थांबून पाण्याची अखंड धार येईपर्यंत थांबलो. ही धार पाहणे फार महत्त्वाचे आहे. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, म्हणून पाण्याने भरलेला बॉयलर चाचणीत फुटला तरी भेगेतून पाणी वाहते आणि दाब क्षणात पडतो. आत हवा राहिली असेल तर तीच हवा दाबलेल्या स्प्रिंगचे काम करते आणि धातूचे तुकडे दूरवर फेकू शकते. हातपंपाने दाब हळूहळू पंधरा किलोपर्यंत चढवला आणि साहेबांच्या गेजवर तो दहा मिनिटे स्थिर राहिला. मागच्या ट्यूबप्लेटवर दोन जोड पाझरताना दिसले. दाब पूर्ण उतरवून त्या ट्यूब पुन्हा एक्स्पांडरने फुगवल्या आणि चाचणी नव्याने घेतली. मग डमी प्लेटा काढल्या. लावताना त्यांची संख्या फळ्यावर लिहून ठेवली होती आणि काढलेल्या प्लेटा टेबलावर मांडून ती संख्या जुळल्यावरच सेफ्टी व्हॉल्व्ह बसवले, कारण डमी तशीच राहिलेला बॉयलर पेटवला, तर त्याला दाब सोडायला वाटच उरत नाही.

बॉयलर पुन्हा पेटवताना अण्णांनी दिवसाचा बराच भाग घेतला. मंद विस्तव, उघडा व्हेंट आणि वाफेची झोत दिसेपर्यंत थांबणे. वाफ हेडरमध्ये सोडतानाही त्यांनी वाहिनीतले साचलेले पाणी आधी ड्रेनमधून काढले आणि व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडून पाइप तापू दिला. थंड पाइपमध्ये वाफ धाडकन सोडली, तर तिच्यापुढे पाण्याचा गोळा धावू लागतो आणि पहिल्याच वळणावर आदळून फ्लँज फोडतो. शेवटी साहेबांसमोर मुख्य व्हॉल्व्ह बंद ठेवून दाब चढवला, तेव्हा दोन्ही सेफ्टी व्हॉल्व्ह आपापल्या दाबाला उघडले, दाब मर्यादेपलीकडे चढला नाही आणि व्हॉल्व्हना सील लागले.

या सगळ्या काळात मी सर्वांत अधिक शिकलो ते गेज ग्लासपाशी. बॉयलरवर पातळी दाखवणाऱ्या दोन काचा आणि पातळी राखणारा मोब्रे असतो. मोब्रे पंप चालू-बंद करतो आणि पाणी फार खाली गेल्यास भोंगा वाजवून फायरिंग थांबवतो. हे सगळे आपोआप होत असल्यामुळे माणसाचे काचेकडे लक्ष जात नाही. अण्णा मात्र प्रत्येक पाळीत काच ब्लो करत: पाण्याचा कॉक बंद करून ड्रेन उघडायचा म्हणजे वाफेची वाट मोकळी आहे हे दिसते, मग वाफेचा बंद करून पाण्याचा उघडायचा म्हणजे दुसरी वाट तपासली जाते, आणि शेवटी ड्रेन मिटल्यावर पाणी चटकन जुन्या पातळीवर चढले पाहिजे. वाफेचा कॉक चोंदला तर काचेत वर अडकलेली वाफ निवते आणि पाणी वर ओढले जाते. पाण्याचा कॉक चोंदला तर वरून निवणारे पाणी काचेत साठत राहते. म्हणजे बिघाड कोणताही असो, काच खऱ्यापेक्षा जास्तच पाणी दाखवते. बॉयलर कोरडा पडत असताना काच भरलेली दिसू शकते, हे पुस्तकात वाचूनही माझ्या नीट मनात उतरले नव्हते.

काचेत पाणी दिसेनासे झाले तर काय करायचे, हा प्रश्न अण्णा नव्या मुलांना विचारत आणि बहुतेकांचे उत्तर ‘पंप चालू करायचा’ असे येई. पाणी कमी म्हणून पाणी द्यावे, हे इतके सरळ वाटते की हात आपोआप पंपाच्या बटणाकडे जातो. मात्र पाणी नेमके किती खाली गेले आहे हे ठाऊक नसताना, भट्टीचा माथा तापून लाल झालेला असू शकतो आणि त्यावर पडलेल्या पाण्याची तत्काळ वाफ होते. शिवाय तापून मऊ झालेला धातू एकदम आकसतो. अशा वेळी इंधन थांबवायचे, एफडी (भट्टीत हवा ढकलणारा) पंखा बंद करायचा, पाणी द्यायचे नाही, सेफ्टी व्हॉल्व्ह हाताने उचलायचा नाही, माणसे लांब न्यायची आणि बॉयलर स्वतःहून निवू द्यायचा. १०.५४ किलो दाबाला आतील पाणी सुमारे १८५ अंशांवर असते. कवच फाटून दाब निघून गेला, तर त्या पाण्याचा जवळजवळ सहावा हिस्सा क्षणार्धात वाफ होतो आणि वाफ मूळ पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. बॉयलरचा स्फोट म्हणतात तो मुख्यतः या पाण्याचा असतो.

भट्टीच्या बाजूचा धोका वेगळा आहे आणि आमच्याकडे तो वीज गेल्यावर उभा राहतो. तेल किंवा गॅसचा बर्नर क्षणात विझतो, पण ब्रिकेटचा थर धुमसत राहतो, पंखे थांबलेले असल्याने हवा पुरत नाही आणि भट्टीत जळण्याजोगे वायू साठतात. कोणी कुतूहलाने दार उघडले की हवा आत घुसते आणि ज्वाळा तोंडावर येते. म्हणून डँपर (धुराड्याच्या वाटेवरची झडप) उघडून धुराड्याच्या ओढीने वायू निघून जाऊ द्यायचे, दाराच्या समोर न उभे राहता बाजूला उभे राहून ते किंचित उघडायचे आणि पंखे चालू करताना नेहमी आयडी (धूर ओढून काढणारा) आधी, एफडी नंतर. उत्तर प्रदेशातील उंचाहारच्या औष्णिक केंद्रात १ नोव्हेंबर २०१७ रोजी ५०० मेगावॅटच्या संचात झालेल्या दुर्घटनेत तीसहून अधिक कामगार दगावले, तेव्हाही बाहेर फेकले गेले ते भट्टीतील तापलेले वायू आणि राख. तळाशी राख व क्लिंकर, म्हणजे वितळून घट्ट झालेली राख, साचलेला होता. आमच्या छोट्या भट्टीची तुलना त्या संचाशी होणार नाही, तरी चालू भट्टीत सळई घालून क्लिंकर तोडण्याची जुनी सवय आम्ही त्या उन्हाळ्यानंतर परवानगीच्या कक्षेत आणली.

अमोनियाच्या खोलीत गेल्यावर मला पहिल्यांदा जाणवले ते असे की तिथे आग नाही, धूर नाही, आणि तरीही मे महिन्यात डिस्चार्जचा दाब तेरा-चौदा किलोंवर, म्हणजे बॉयलरच्या मंजूर दाबाहूनही वर जातो. अमोनिया वातावरणाच्या दाबाला उणे ३३ अंशांवर उकळतो, त्यामुळे आपल्याकडचे कोणतेही हवामान त्याला उकळत ठेवण्याइतके गरमच असते. त्याचा एक मोठा गुण म्हणजे तो लपत नाही. हवेत अगदी थोडा असतानाच नाकाला कळतो; आठ तासांच्या कामासाठी २५ पीपीएम ही मर्यादा धरली जाते आणि ३०० पीपीएम ही तत्काळ जिवाला धोका मानण्याची पातळी आहे. या दोहोंच्या मधे डोळे आणि घसा माणसाला बाहेर काढतातच. तोटा असा की जुन्या ऑपरेटरांचे नाक सरावते आणि ‘एवढा वास असतोच’ हे वाक्य प्रत्येक खोलीत ऐकू येते. गळती नेमकी कुठे आहे हे ओल्या लिटमस कागदाने किंवा गंधकाच्या पेटत्या कांडीने शोधतात. गळतीपाशी कांडीचा धूर दाट पांढरा होतो.

कॉम्प्रेसर उघडण्याआधी त्याचा पंप डाऊन केला: सक्शन (वायू आत येण्याचा) व्हॉल्व्ह बंद करून कॉम्प्रेसरलाच स्वतःच्या आतील वायू खेचू दिला, दाब शून्याजवळ आल्यावर तो थांबवला, डिस्चार्ज मिटवला आणि दाब पुन्हा चढतो का हे पाहत बसलो. तो चढत होता. क्रँककेसमधील तेलात विरघळलेला अमोनिया सावकाश बाहेर येतो, म्हणून हे पुन्हा पुन्हा करावे लागते; एकदा शून्य दिसले की पाना लावणारा माणूस येथेच फसतो. उरलेला वायू आम्ही नळीने पाण्याच्या पिंपात सोडला. एक लिटर पाणी सुमारे अर्धा किलो अमोनिया पिऊन टाकते, आणि त्यातच एक धोका आहे: वायूचा प्रवाह थांबला आणि नळीचे तोंड पाण्यात राहिले, तर नळीतील वायू पाण्यात विरघळून निर्वात होतो आणि पिंपातील पाणी उलट यंत्रात खेचले जाते. म्हणून एक माणूस केवळ नळीकडे लक्ष ठेवून उभा होता आणि बुडबुडे मंदावताच नळी बाहेर काढायची एवढेच त्याचे काम होते.

दुरुस्तीत बॉयलरच्या स्टोअरमधून आणलेला पितळी अंगाचा एक गेज कोणीतरी पुढे केला. ओलसर अमोनिया तांबे आणि पितळ खातो. या बाजूला सगळे पोलादच लागते. दोन खोल्यांचे सुटे भाग तेव्हापासून वेगळ्या रंगाच्या कपाटांत ठेवले आहेत.

अमोनियाच्या नित्य कामांतले सर्वांत धोक्याचे काम मला विचाराल तर ते तेल काढण्याचे आहे. कॉम्प्रेसरमधून थोडे तेल वायूबरोबर पुढे जाते आणि द्रव अमोनियापेक्षा जड असल्याने पात्रांच्या तळाशी साचते. ते ड्रेनमधून काढताना थंडीने घट्ट झालेले तेल आधी येत नाही, ऑपरेटर कंटाळून व्हॉल्व्ह आणखी उघडतो, आणि तेलाचा बुच निघाला की मागून द्रव अमोनिया सुटतो. हा व्हॉल्व्ह हात सुटताच स्प्रिंगने मिटणारा असायला हवा. आमच्याकडे तो होता, पण त्याचा दांडा तारेने बांधून ठेवण्याची पद्धत पडली होती, म्हणजे माणसाला डबा धरायला दोन्ही हात मोकळे! ती तार काढून टाकली, तेव्हा नाराजी झाली. आता हे काम दोघांनीच, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून आणि अमोनियाचा मास्क लावून करायचे असते. कॅनिस्टरचा, म्हणजे हवा गाळून घेणारा मास्क हवेत पुरेसा प्राणवायू असताना आणि गळती थोडी असतानाच उपयोगी पडतो; पांढऱ्या ढगात शिरायचे तर पाठीवर हवेचा सिलिंडरच हवा.

बॉयलरपाशी हात पंपाकडे धावतो, तसा अमोनियाच्या खोलीत तो व्हॉल्व्हकडे धावतो. गळती दिसली की दिसेल तो व्हॉल्व्ह मिटायचा. पण दोन बंद व्हॉल्व्हच्या मधे द्रव अमोनिया पूर्ण भरलेल्या अवस्थेत अडकला, तर थोडा तापतानाही तो प्रसरण पावतो आणि पाइपला जागा उरली नाही की पाइप फुटतो. म्हणून मिटण्याचा क्रम ठरलेला असतो: द्रवाचा पुरवठा आधी तोडायचा आणि पुढील भागाला सक्शनकडे रिकामे होण्याची वाट उघडी ठेवायची. जमिनीवर सांडलेल्या द्रवावर पाणी मारणे हीसुद्धा अशीच चुकीची घाई आहे, कारण पाण्याच्या उष्णतेने तो अधिक वेगाने उकळतो. पाण्याचा फवारा वायूच्या ढगावर धरायचा, द्रवावर नाही.

वीज गेल्यानंतरच्या पुनरारंभावर मी सर्वांत अधिक वेळ दिला, कारण दोन्ही खोल्या तिथे एकमेकींशी बांधलेल्या आहेत. अमेरिकेत अलाबामा राज्यातील थिओडोर येथे २३ ऑगस्ट २०१० रोजी एका शीतगृहात वीज आल्यानंतर धोक्याच्या सूचना पुसताना नियंत्रण प्रणालीतील डीफ्रॉस्टचा (कॉइलवरचा बर्फ वितळवण्याचा) क्रम मधेच तुटला, गरम वायू भरलेले कॉइल थेट थंड द्रवाच्या वाहिनीला जोडले गेले, आणि त्या धक्क्याने छतावरची सक्शन वाहिनी फाटून सुमारे साडेचौदा टन अमोनिया बाहेर पडला. आमच्याकडे तशी स्वयंचलित प्रणाली नाही, पण थांबलेल्या काळात सक्शनमध्ये द्रव साचतो आणि घाईने व्हॉल्व्ह उघडला तर तो कॉम्प्रेसरमध्ये जातो, हे तत्त्व तेच आहे. जनरेटरची ताकद सगळे एकदम चालवण्याइतकी नाही. पूर्वी वीज गेली की उत्पादन विभागाचा फोन येई आणि आइस बँकेचे पंप आधी चालू होत. आता क्रम असा आहे: बॉयलरचा फीड पंप, मग आयडी पंखा, मग कंडेन्सरचे पाणी, त्यानंतर कॉम्प्रेसर, तोही सक्शन व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडत आणि कॉम्प्रेसरच्या अंगावर दंव चढत नाही ना हे पाहत. दूध काही मिनिटे थांबू शकते. विस्तवावरचा बॉयलर पाण्यावाचून थांबू शकत नाही.

एक तक्रार नोंदवतो. बॉयलरसाठी वर्षातून एक दिवस असा येतो की त्या दिवशी यंत्र थांबलेच पाहिजे, उघडलेच पाहिजे आणि बाहेरच्या माणसाने आत डोकावलेच पाहिजे. अमोनियाच्या दाबपात्रांनाही कायद्याने सक्षम व्यक्तीची तपासणी लागते, पण पेटवण्याची परवानगी हातात घेऊन कोणी समोर उभे नसल्याने, ती कागदावर उरकण्याकडे कल असतो. हे मी व्यवस्थापनाला लेखी कळवले. रिसीव्हरवरील, म्हणजे द्रव अमोनिया साठवणाऱ्या पात्रावरील सेफ्टी व्हॉल्व्ह चाचणीसाठी काढायचा, तर सगळा अमोनिया दुसरीकडे हलवावा लागतो ही खरी अडचण होती; त्यावर तिहेरी मार्गाच्या व्हॉल्व्हवर दोन सेफ्टी व्हॉल्व्ह बसवण्याचा प्रस्ताव मंजूर झाला, ज्यामुळे एक चालू ठेवून दुसरा काढता येतो. ते बसवण्याचे काम येत्या जानेवारीत घेतले आहे. तोपर्यंत डिस्चार्जचा दाब आणि द्रव वाहिनीचे तापमान दर दोन तासांनी शेजारी शेजारी नोंदवून कंडेन्सरमध्ये हवा साचते आहे का, हे अण्णांचा नवा शिष्य आणि अमोनियाचा ऑपरेटर दोघे मिळून पाहतात.